पेंटरकाकांची विटकरी कॅप्सूल

पेंटरकाकांसमोर कुणी नुसतं 'लाल' म्हटलेलं त्यांना खपत नसे. लाल म्हणजे कोणता? औषधाच्या दुकानाच्या पाटीवरचा, फायर ब्रिगेडच्या गाडीचा, की उन्हात तीन वर्षं काढलेल्या टपालपेटीचा? गिऱ्हाईक गोंधळून म्हणायचं, "काका, साधा लाल हो." यावर काका ब्रश खाली ठेवून त्या माणसाकडे असं बघायचे, की बिचारा पुढच्या पाटीला दुसरा पेंटर शोधायचा. पण शोधून जाणार कुठे? बाजाररस्त्यावरच्या निम्म्या पाट्या काकांच्या हातच्या होत्या. आता यंत्रावर छापलेल्या चकचकीत पाट्या मिळतात. तरी ज्याला आपलं दुकान दहा वर्षं टिकेल अशी खात्री असते, तो काकांकडेच येतो.

वय छप्पन्न. खिशात कायम एक ब्रश आणि पेन्सिलीचा तुकडा. अंगाला टर्पेंटाइनचा वास, त्यामुळे ते घरात शिरले हे काकूंना स्वयंपाकघरात पाठमोरं असतानाही कळायचं.

या गुणी माणसाला एकच खोड होती, आणि ती धंद्यातूनच आलेली होती. उरलेलं काही टाकायचं नाही. डब्याच्या तळाला चमचाभर रंग उरला तरी तो बाटलीत भरून ठेवायचा. शेल्फवर अशा शे-सव्वाशे बाटल्या, सगळ्या रंगानुसार लावलेल्या. इथवर ठीक होतं. पण हाच नियम काकांनी औषधांना लावला होता. घरात कुणी पाच दिवसांच्या गोळ्या आणून तिसऱ्या दिवशी बरं झालं, की उरलेल्या गोळ्या काकांकडे जमा. पाकिटांची अडगळ नको म्हणून ते गोळ्या पाकिटातून काढायचे आणि रंगानुसार बाटल्यांत भरायचे! पिवळ्या पिवळ्यांत, गुलाबी गुलाबींत. नाव, तारीख, कशासाठी, काही नाही. "निळी पाठीला, पिवळी पोटाला आणि विटकरी-हस्तिदंती पू झाला तर," एवढं त्यांचं वैद्यकशास्त्र. आणि सांगायचे असे, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस दवाखाना सोडून पाट्या का रंगवतोय.

दोन वर्षांपूर्वी या शास्त्राला पहिला धक्का बसला. काकूंच्या वडिलांची कंबर धरली होती. काकांनी मोठ्या मायेनं त्यांना एक निळी गोळी दिली. सासरेबुवा दुपारी जेवून आडवे झाले ते दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, आणि उठल्यावर जावयाला ओळखेनात. अर्ध्या तासानं ओळखलं, तेव्हा जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या दिवशी काकूंनी काकांना समोर बसवून वचन घेतलं. सगळ्या बाटल्या आजच्या आज फेकायच्या. काकांनी मान डोलावली, पिशवी घेऊन बाहेर गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले.

बाटल्या कुठे गेल्या होत्या? वर्कशॉपमध्ये, वरच्या फळीवर, एका मोठ्या डब्यात. डब्यावर काकांनी सुरेख अक्षरांत लिहून ठेवलं होतं, 'वाळलेला प्रायमर'. पाटीला आधी द्यायचा अस्तराचा रंग, तोही वाळून दगड झालेला; जगात असा डबा कुणी उघडत नाही.

तर झालं असं, की एका बेकरीची नवी पाटी आखताना काकांच्या टाचेत खिळा घुसला. जुनी चप्पल, गंजका खिळा. धनुर्वाताचं इंजेक्शन त्यांनी घेतलं, तेवढी अक्कल होती. पण दुसऱ्या दिवशी टाच टम्म फुगली आणि ठणकू लागली. बेकरीचं उद्घाटन आठवड्यावर आलेलं, पाटीवर अजून नुसती आउटलाइन. काकांनी वर्कशॉपचं दार लोटलं, 'वाळलेला प्रायमर' उतरवला आणि विटकरी-हस्तिदंती कॅप्सूल सुरू केली, सकाळी एक, संध्याकाळी एक.

चार दिवसांत टाचेची सूज बसली. काका स्वतःवर बेहद्द खूश झाले. पाचव्या दिवशी ताप आला.

इथे शहाण्या माणसानं डॉक्टर गाठला असता. पण पेंटरची बुद्धी रंगाच्या वाटेनंच चालणार. पहिला हात दिला आणि खालचा डाग पुन्हा वर आला, तर पेंटर काय करतो? दुसरा हात देतो, जरा जाड. काकांनी हिशेब केला, पू गेला पण मुळाशी काहीतरी राहिलंय, म्हणून ताप आहे. दिवसाला दोनच्या तीन कॅप्सूल केल्या. मग छातीवर आणि दंडांवर लाल पुरळ उठलं. ते टर्पेंटाइनमुळे, असं त्यांनी स्वतःला पटवलं. तीस वर्षं ज्या टर्पेंटाइननं त्यांना कधी खाज सुटली नाही, त्याच्या माथी खापर फोडून काका मोकळे झाले.

मग सांधे दुखू लागले, अन्नावरची वासना उडाली. सकाळी आरशात बघितलं तर डोळ्यांखाली पिशव्या. लघवी इतकी थोडी, की दिवसातून एकदा गेलं तरी पुरे. आणि रंग? ते काकांनी कुणाला सांगितलं नाही, पण मनात नोंद केली, बिनदुधाचा चहा, दोनदा उकळलेला.

काकूंनी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी हातातली लाटी तशीच टाकली आणि रिक्षा बोलावली. "चप्पल घाला," एवढंच म्हणाल्या. काकू कमी बोलल्या की काका मुकाट ऐकायचे.

हॉस्पिटलात रक्त तपासलं आणि डॉक्टरीणबाई स्वतः रिपोर्ट घेऊन आल्या. बारीक चणीच्या, केस घट्ट बांधलेल्या, बोलायला झटपट.

"काका, क्रिएटिनिन म्हणून एक आकडा असतो. किडनी साफसफाई नीट करते की नाही ते त्यावरून कळतं. साधारण एकच्या आसपास हवा. तुमचा सव्वाचार आहे."

"जास्त आहे का?" काकांनी विचारलं. कुठल्याही परीक्षेत चार पट मार्क म्हणजे चांगलंच, असा त्यांचा चेहरा.

"खूप जास्त आहे. दोन्ही किडन्यांना सूज आहे. ताप, पुरळ, सांधे, हे सगळं एकत्र आलं की आम्हाला आधी एक शंका येते. कुठलं तरी औषध अंगावर उलटलंय. गेल्या पंधरा दिवसांत काय काय घेतलंत? गोळी, कॅप्सूल, कुणी दिलेलं काही?"

काकांनी तोंड उघडलं. आणि त्यांना दिसलं, पलंगाच्या पायथ्याशी काकू उभ्या आहेत, फाइल छातीशी धरून, आणि त्यांच्याकडेच बघताहेत.

"काही नाही," काका म्हणाले. "मला औषधांचं मुळीच वेड नाही."

"अँटिबायोटिक वगैरे?"

"छे छे."

काकूही म्हणाल्या, "नाही हो डॉक्टर. तसल्या गोळ्या त्यांनी दोन वर्षांपूर्वीच फेकून दिल्या. मला शब्द दिलाय त्यांनी." त्या हे अगदी भरवशानं म्हणाल्या. आता खरं सांगायचं म्हणजे किडनीपेक्षा मोठं काहीतरी जाणार, असं त्यांना वाटलं. माणूस मूर्ख असला की किती मूर्ख असतो बघा.

आणि अजून ऐका. सदऱ्याच्या खिशात ब्रशचं टोपण होतं आणि त्या टोपणात सहा कॅप्सूल होत्या. ताप होता ना अजून! काकू चहा आणायला खाली गेल्या, की काका टोपण उघडायचे आणि एक कॅप्सूल पाण्याबरोबर गिळायचे. तिसरा हात. इकडे डॉक्टरीणबाई कारण शोधताहेत, तिकडे कारण रोज दोनदा पोटात चाललंय.

आकडा सव्वाचाराचा पाच झाला. तिसऱ्या दिवशी सव्वापाच. डॉक्टरीणबाईंच्या बोलण्यातला झटपटपणा कमी झाला. म्हणाल्या, "कारण सापडत नाहीये. किडनीचा छोटासा तुकडा सुईनं काढून तपासावा लागेल. आकडा असाच चढला तर डायलिसिस. पुढचं पुढे बघू."

हे 'पुढचं पुढे बघू' घराघरांत पोचेपर्यंत 'किडन्या गेल्या' असं झालं. दुपारी भेटायच्या वेळेला पलंगाभोवती सभा भरली. काकांची थोरली बहीण आली, जिला सगळे ताई म्हणत. निवृत्त शिक्षिका, अजूनही समोरचा माणूस पाचवीत आहे असं समजून बोलायची. आणि काकूंचा भाऊ आला, वर्कशॉपला लागूनच सायकलचं दुकान असलेला, सहा फूट उंच, तोंडाळ.

"मी दिली असती," ताई म्हणाल्या, "पण मला साखर. वीस वर्षं. तुझ्या उपयोगाची नाही."

"भाऊजी, माझी घ्या," मेहुणा छातीवर हात ठेवून म्हणाला. "मात्र तिच्यात चहा फार मुरलाय हं. आणि बाबांना झोपेची गोळी दिलीत ते मी विसरलेलो नाही, तरी देतोय, हे लक्षात ठेवा."

"छातीवर काय हात ठेवतोस? किडनी मागे असते," ताई म्हणाल्या.

"मग मागून देतो."

शेजारच्या पलंगावरचे म्हातारे आजोबा इतके हसले, की त्यांच्या सलाइनची नळी हलली. काकांनाही हसू आलं. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, काकू दिसत नाहीत.

काकू आल्या त्या पाच मिनिटांनी. डावा हात कोपरात दुमडून धरलेला. त्यांनी पाण्याचा तांब्या उचलायला हात सरळ केला आणि कापसाचा बोळा खाली पडला. त्यावर लाल ठिपका. साधा लाल. काकांना तो कोणता लाल, ते अजिबात सुचलं नाही.

"हे काय?"

"काही नाही. खाली लॅबमध्ये रक्तगट बघून घेतला. जुळतोय का ते." काकू तांब्यातलं पाणी पेल्यात ओतत होत्या. "गरज पडली तर धावपळ नको."

लग्नाला तीस वर्षं झाली होती. या बाईला सुईची किती भीती वाटते, ते काकांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलीच्या वेळी बाळंतपणाच्या कळा हसत सोसल्या होत्या आणि इंजेक्शन बघून नर्सचा हात धरून ठेवला होता. मुलगी लग्न होऊन दूर गेली, तरी तो किस्सा अजून सांगायची. तीच बाई एकटी जिना उतरून, कुणाला न सांगता, हात पुढे करून आली होती.

काकांना वाटलं, आता बोललो नाही तर माझ्यासारखा नालायक मीच.

"अगं," ते म्हणाले, "तो वाळलेला प्रायमर आहे ना..."

"कुठला प्रायमर?"

"वरच्या फळीवरचा. तो प्रायमर नाहीये."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. डबा, बाटल्या, खिळा, पहिला हात, दुसरा हात, ब्रशचं टोपण. खाली मान घालून, चादरीच्या शिवणीकडे बघत. ताईंनी चष्मा काढला. मेहुण्यानं मघाशी छातीवर ठेवलेला हात आता कपाळावर मारून घेतला.

काकूंनी एकच विचारलं, "अजून किती आहेत?"

"संपल्या. शेवटची आज सकाळी."

काकू उठल्या आणि कॉरिडॉरमधून डॉक्टरीणबाईंच्या नावानं हाका मारत पळत सुटल्या. एक चप्पल पलंगाखालीच राहिली.

डॉक्टरीणबाई आल्या, सगळं ऐकलं. आधी त्यांनी दीर्घ श्वास घेतला. मग म्हणाल्या, "काका, ताप उतरत नाही म्हणून आज संध्याकाळी तुम्हाला अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यावं, असा माझा विचार चालला होता. त्याच जातीचं निघालं असतं तर काय झालं असतं, कळतंय का?" काकांना कळलं. काकूंनाही कळलं, आणि त्या पटकन पलंगाच्या कडेवर बसल्या.

"नाव काय कॅप्सूलचं?"

"नाव नाही माहीत."

"त्यावर छापलेलं असतं."

"वाचलं नाही."

"जन्मभर गावाला अक्षरं वाचायला लावलीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि स्वतः पोटात काय टाकता त्यावरची चार अक्षरं नाही वाचली?"

काका हळूच म्हणाले, "रंग सांगू शकतो."

मेहुण्याला वर्कशॉपमध्ये पिटाळलं. तो अर्ध्या तासात 'वाळलेला प्रायमर' आणि पाच छोटे रंगाचे डबे घेऊन हजर. विटकरी-हस्तिदंतीची बाटली खरंच रिकामी होती. काकांनी खिशातला ब्रश काढला, रक्ताच्या रिपोर्टाची मागची बाजू मांडीवर घेतली आणि जेवणाच्या डब्याच्या झाकणात रंग कालवायला लागले. लाल, त्यात थोडा पिवळा, काळ्याचा नुसता स्पर्श. बघितलं, नाक मुरडलं, पिवळ्याचा आणखी एक थेंब. दुसऱ्या बाजूला पांढऱ्यात पिवळ्याची टोकभर छटा. अंगात ताप होता, बोटं सुजली होती, पण कागदावर कॅप्सूल उतरली ती अशी, की उचलून गिळावी. वॉर्डातल्या दोन नर्सही येऊन बघून गेल्या.

कागद हॉस्पिटलच्या औषधाच्या दुकानात गेला. तिथला माणूस चार प्रकारच्या कॅप्सूल घेऊन स्वतःच वर आला, इतकं त्याला कुतूहल. एकेक कागदाशेजारी धरली. पहिली तांबडी निघाली, दुसरी गुलाबीकडे झुकलेली. तिसरी धरली आणि चित्रातली कोणती, खरी कोणती, कळेना.

"हीच," तो म्हणाला. "विटकरी टोपण, हस्तिदंती बूड. एकच कंपनी काढते असली." आणि नाव सांगितलं. पेनिसिलिनच्या घराण्यातली.

"याआधी कधी घेतली होतीत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

घेतली होती. तीन वर्षांपूर्वी दाढ सुजली तेव्हा. दोन दिवसांत अंगावर पुरळ उठलं, दाढेची सूजही उतरली, म्हणून बंद केली आणि उरलेल्या बाटलीत गेल्या. तेव्हाही दोष टर्पेंटाइनलाच दिला होता.

"शरीरानं तेव्हाच सांगितलं होतं की हे मला चालत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही ऐकलं नाहीत. या वेळी राग किडनीवर निघाला. ताप इन्फेक्शनचा नव्हताच. कॅप्सूलचाच होता. तुम्ही जितकी घेत होता, तितका तो वाढत होता."

काकांना आपल्या दुसऱ्या-तिसऱ्या हाताची इतकी लाज वाटली, की त्यांनी उशी तोंडावर घेतली.

औषध बंद झालं, सूज उतरवायला स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि त्या गोळ्या काकू स्वतः मोजून, तोंड उघडायला लावून, जिभेखाली बघून देत. दोन दिवस आकडा सव्वापाचावर अडून बसला. त्या दोन दिवसांत काकू काकांशी औषधापलीकडे एक शब्द बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चार पूर्णांक सहा. शेजारच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. मग साडेतीन. पुरळ विरलं, ताप गेला, आणि एका सकाळी काका संडासातून बाहेर येऊन भरल्या वॉर्डात म्हणाले, "फिकट लिंबू!" नर्सला काही कळलं नाही. काकूंना कळलं, आणि पाच दिवसांत पहिल्यांदा त्या हसल्या. हसता हसता रडल्याही, आणि मग काकांच्या दंडाला एक सणसणीत चिमटा काढला. तिथून पुढे घरचं बोलणं सुरळीत झालं.

घरी सोडताना आकडा दोनवर होता, महिन्याभरानं सव्वा. स्टिरॉइडमुळे काकांचा चेहरा फुगून गोल झाला आणि भूक अशी लागायची, की मेहुणा डबा घेऊन वर्कशॉपसमोरून जायचा बंद झाला. बेकरीचं उद्घाटन पाटीविनाच झालं, पण बेकरीवाला थांबला. पाटी आता लागली आहे, आणि पावाचा तो रंग बघून लोकांना भूक लागते म्हणतात.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, एक कार्ड कायम खिशात ठेवायचं. कुठली औषधं चालत नाहीत ते लिहून. बेशुद्ध पडलात तरी समोरच्याला वाचता आलं पाहिजे."

हे काम त्यांच्या हक्काचं होतं. काकांनी पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा कापला, पांढरा प्रायमर दिला (खरा), आणि त्यावर औषधांची नावं लिहिली, ठळक, दुरून दिसतील अशी. कोपऱ्यात विटकरी-हस्तिदंती कॅप्सूल आणि तिच्यावर काळी फुली. डॉक्टरीणबाईंना ते इतकं आवडलं, की त्यांनी आपल्या आणखी चार पेशंटांसाठी करून मागितलं. तपासणीला येणाऱ्या, शेजारच्या पलंगावरच्या त्या आजोबांना कशाचीच ॲलर्जी नव्हती, तरी त्यांनी एक मागितलं. काकांनी त्यावर लिहिलं, 'यांना सगळं चालतं.'

'वाळलेला प्रायमर' काकूंनी स्वतः औषधाच्या दुकानात नेऊन परत दिला, नष्ट करायला. डबा मात्र धुऊन घरी आणला.

त्या दिवशी दुपारी काका वर्कशॉपमध्ये पत्र्याचे तुकडे घासत बसले होते. काकू डबा घेऊन आल्या आणि स्टुलावर बसल्या.

"माझ्याही नावाचं एक करा," त्या म्हणाल्या.

"तुला काय झालंय? ठणठणीत तर आहेस."

"करा म्हणते ना. मी सांगते तसं लिहा."

काकांनी ब्रश रंगात बुडवला.

"लिहा," काकू म्हणाल्या, "हिची एक किडनी नवऱ्याच्या नावावर ठेवलेली आहे. लागली तर मागावी. पण आधी खरं सांगावं."

काकांनी पहिलं वाक्य लिहिलं, दुसरं लिहिलं. तिसऱ्याला ब्रश थांबला. तीस वर्षांत ज्या हाताची रेघ शिडीवर, वाऱ्यात, उन्हात कधी हलली नव्हती, ती त्या दिवशी 'खरं'वर आल्यावर चांगलीच हलली. पुसून नवीन लिहितो, असं ते म्हणाले. काकू नको म्हणाल्या.

ती पाटी आता त्यांच्या स्वयंपाकघरात, औषधांच्या कपाटावर लावलेली आहे. कपाटात एकच पाकीट असतं, नाव आणि तारीख असलेलं, आणि ते संपेपर्यंत काकू दुसरं आणू देत नाहीत.